गणपतीला येशील त्याआधी, बायबद्दल

प्रिय बाबू,

परवा फोनवर तू म्हणालास, आई तू बायमध्ये, दुसऱ्याच्या पोरीत, एवढी कशाला अडकतेस, तिची आई आहे ना. तेव्हा गॅसवर पिठी होती म्हणून बोलले नाही, पण मनात राहिलं, म्हणून लिहितेय, लांबलं तरी सगळं वाच.

आई आहे रे, खालच्या वाडीतच आहे, पण असून नसल्यासारखी. पोर जेवली का, ताप आलाय का, कशाचं काही नाही. लोक नावं ठेवतात, मी नाही ठेवत. बाळंतपणानंतर ती जी गप्प झाली ती सावरलीच नाही, नवरा ट्रॉलरवर, घरातल्या कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. पण म्हणून पोरीची भूक थांबते का?

बाय आपल्याकडे राहायला आली तेव्हा तिची कंपासपेटी उघडली तर पट्टीच्या खाली घावण्याचा तुकडा, चार घड्या घालून दाबून ठेवलेला, बुरशी आलेला. मी ओरडले नाही. उशाशी एक डबा ठेवला, त्यात लाडू, आणि सांगितलं हा डबा तुझा, संपला की मी परत भरणार. सुरुवातीला रोज रात्रीत रिकामा व्हायचा. हल्ली सकाळी तसाच असतो.

आणि रडायची नाही ती. चिऱ्याच्या पायरीवर गुडघा फुटला तरी गप्प, फ्रॉकनेच रक्त पुसत बसलेली, सात वर्षांची पोर! रडून कोणी येत नाही हे तान्हेपणीच कळलेलं ना. मागच्या आठवड्यात विहिरीजवळ पडली आणि "काकूऽऽ" करून असं भोकाड पसरलं की शेजारच्या वहिनी धावत आल्या. मला इतकं बरं वाटलं काय सांगू.

ओरोसच्या समुपदेशक बाई सांगत होत्या, अमेरिकेत हार्लो म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1958 साली माकडाच्या पिल्लांबद्दल लिहिलं, पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवलेल्या, दूध तारेच्या आईकडे होतं तरी पिल्लं दिवसभर कापडाच्या मऊ आईलाच बिलगून बसायची. मला पटलं ते. नुसतं जेवायला घालून भागत नाही.

तू कायद्याचं म्हणालास, ते सगळं रीतसर आहे. अंगणवाडीच्या ताईंनी 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला, बालकल्याण समितीसमोर तिची आईपण आली होती, ती हो म्हणाली. बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरलाय, महिन्याला 2250 मिळतात, मिळाले की तिच्या नावावर ठेवणार.

उद्या तिची आई सावरली तर बाय परत जाईल, आणि जायलाच हवी, हल्ली मीच त्या बाईला घेऊन डॉक्टरकडे जाते. मग जीव कशाला लावतेस म्हणशील. अरे, एका माणसावर भरवसा ठेवायला शिकली तरच ती उद्या आईवर ठेवेल ना? मी जपून, लांबूनच माया केली तर ती काय शिकणार? मला त्रास होईल, होऊ दे.

एकच कर. आल्यावर तिला मस्करीतही विचारू नकोस की तू तुझ्या घरी कधी जाणार. मागे कोणीतरी विचारलं तर रात्री कपडे पिशवीत भरून पडवीत बसली होती. तिच्याशी पत्ते खेळ, मेंढीकोट येतं तिला, चिडते पण छान.

तिच्यासाठी सॅंडल आण, पायाचं माप कागदावर काढून फोटो पाठवते. एक नंबर मोठाच घे, वाढतेय ती.

तुझी आई