विषय : ट्रॅक्टरच्या केबिनची मागची काच चुकीची बसवल्यामुळे फुटल्याबाबत

दि. 24 मार्च 2025
मु. पो. ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा एसी केबिनचा ट्रॅक्टर मी मागच्या वर्षी घेतला. मला दम्याचा त्रास आहे. रोटाव्हेटरची धूळ सोसत नाही, म्हणूनच केबिनसाठी जादा पैसे मोजले. चेसिस नंबर, बिल आणि जॉबकार्डची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आधी एक गोष्ट कबूल करतो. पहिली काच माझ्याच चुकीने फुटली. 3 फेब्रुवारीला खोडव्याच्या रानात पलटी नांगर जरा जास्तच वर उचलला गेला आणि त्याचं टोक काचेला लागलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवीन काचेचे 11,800 रुपये 5 तारखेला डीलरकडे आगाऊ भरले. काच 27 फेब्रुवारीला आली आणि त्याच दिवशी वर्कशॉपमध्ये बसवली. मजुरी 900 रुपये वेगळी घेतली.

त्या दिवशी मी शेजारीच उभा होतो. या काचेला वर बिजागरीसाठी भोकं असतात. जुन्या काचेत प्रत्येक भोकात प्लास्टिकचा बुश (बोल्ट काचेला लागू नये म्हणून बसवलेली नळी) होता आणि दोन्ही बाजूंना रबरी वायसर. ते सगळं फुटक्या काचेबरोबर रानात गेलं. नवीन काचेसोबत बुश-वायसरचं पाकीट आलंच नव्हतं. मेकॅनिकने लोखंडी वायसर थेट काचेवर ठेवून पान्याने नट आवळले. मी विचारलं तर म्हणाला, "काय हुत न्हाई काका." वर काच उघडी धरणारा गॅसचा दांडा बंद काचेलाही सतत बाहेर रेटत असतो, त्याचा ताण याच बोल्टांवर येतो.

8 मार्चला दुपारी ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उन्हात उभा होता, किल्ली घरात. बार उडाल्यासारखा आवाज झाला. म्हशीनं दावं तोडलं. जाऊन बघतो तर मागची काच नाहीच. सीटवर, एसीच्या जाळीत, सगळीकडे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे. बिजागरीच्या बोल्टाला मात्र काचेचा एक भाग तसाच चिकटून होता, आणि भेगा तिथूनच सगळीकडे पसरलेल्या होत्या. त्याचे फोटो जोडले आहेत. तो बोल्ट वायसरसकट जपून ठेवला आहे.

डीलरने फोनवर सांगितलं, दगड लागला असेल, आणि जॉबकार्डवर तसाच शेरा मारला. उभ्या ट्रॅक्टरला दगड कुठून लागणार? आपल्या कार्यालयाचं उत्तर तर एका ओळीचं आलं : काचेला वॉरंटी नाही. मी वॉरंटी मागितलीच नव्हती. मजुरी घेऊन केलेलं काम चुकलं, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

जयसिंगपुरात काचवाल्याकडेही जाऊन आलो. तो म्हणाला, अशी टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) काच तयार झाल्यावर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. फर्मा देऊन, आधी भोकं पाडून मग भट्टीत घालावी लागते. म्हणून सध्या अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावलाय. पंधरा दिवसांत तो धुळीनं घासून पांढरा पडला. नांगरताना निम्मा वेळ मान मागंच असते, आणि मागचं नांगराचं तास नीट दिसत नाही. फटीतून धूळ आत येते ती वेगळीच. रात्री पुन्हा दम्याचा पंप ओढावा लागतो.

माझी मागणी अशी : मूळ काचेसारखी, कोपऱ्यात आयएस 2553 चा (सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेली काच बुश, रबरी वायसर आणि बिडिंगसकट (कडेच्या रबरी पट्टीसकट) विनामूल्य बसवून द्यावी, आणि तीही माझ्या गोठ्यावर येऊन, कारण या अवस्थेत 30 किलोमीटर ट्रॅक्टर आणणं मला जमणार नाही. चुकीच्या कामाचे घेतलेले 900 रुपये परत करावेत. दगड लागल्याचा शेरा जॉबकार्डवरून काढावा. ट्रॅक्टर न बघताच तो लिहिलेला आहे.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तो बोल्ट घेऊनच जाईन.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : बिल, जॉबकार्ड, मजुरीची पावती, 6 फोटो