आप्पा, तुमचे आभार मानायचे राहिलेत

आप्पा नमस्कार. समोर आलो की तुम्ही "असू दे रे पोरा" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं लिहितोय, निपाणी-चिकोडी भागातल्या बाकीच्या पोरांनीपण वाचू दे.

गेल्या साली सोयाबीन काढल्या काढल्या मी ओल्या काळ्या रानात पलटी नांगर घातला, ढेकळं फुटेनात म्हणून वर रोटर दोनदा फिरवला, डिझेल गेलं ते गेलं, रानातली ओलपण उडाली आणि गहू कुठं उगवला कुठं नाही. पहिलं पाणी लाईटच्या नादात महिन्यावर गेलं, आणि दिलं ते असं तुंबवून दिलं की खालच्या अंगाचा गहू पिवळा पडला. मी दुकानात औषध शोधत फिरतोय, आणि तुम्ही बांधावरनं उतरून खुरप्यानं एक रोप उपटून माझ्या हातावर ठेवलंत. मूळ चार बोटं खाली जाऊन तिथनं आडवं वळलेलं. "ओल्यात रोटर फिरवलास, खाली माती दबून फरशी झाली बघ." ते आडवं मूळ अजून डोळ्यापुढनं जात नाही.

मग एप्रिलच्या कोरड्या रानात एकदाच नांगर घालून ती फरशी तुम्ही फोडून घेतलीत. सोयाबीननंतर नांगर नाहीच. माती मुठीत दाबायची, कमरेएवढ्या उंचीवरनं टाकायची, गोळा फुटला की वाफसा, म्हणजे रान पेरायजोगं झालं, हे तुम्ही शिकवलंत. कुळवाची एक पाळी, आणि ओल हाय तवर कुरीनं, म्हणजे पाभरीनं, खपली गहू पेरला. मोठ्या वाफ्याऐवजी उताराच्या बाजूनं चिंचोळे सारे, म्हणजे लांब पट्टे, पाडले, पाणी झरझर शेवटापर्यंत गेलं, कुठं तुंबलं नाही.

पेरल्यापासनं विसाव्या दिवशी रात्री तुमचा फोन, "उद्या एकवीस होतात, पहिलं पाणी विसरू नको." लाईट रात्री दोनला आली, तुम्ही ह्या वयात बॅटरी घेऊन साऱ्यावर उभे! सकाळी जमिनीलगत फुटलेली पांढरी दोऱ्यासारखी मुकुटमुळं दाखवलीत, फुटवे ह्यांच्याच जोरावर, आता तहानला की गेला म्हणालात. दाणा भरताना वारं सुटलं तवा धावत येऊन मोटार बंद केलीत, नायतर ओल्या रानात सगळा गहू लोळला असता.

आप्पा, घरच्या माणसानंपण एवढं केलं नसतं. खपली सडून आणलीय, रविवारी आई हुग्गी, म्हणजे खपलीची खीर, करणार हाय, काकूंना घेऊन दुपारीच या.


तुमचा शेजारच्या रानातला पोरगा