क्लबचा इतिहास लिहायला बसण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गिर्यारोहण क्लबच्या सुवर्णमहोत्सवी इतिहासाचं काम कार्यकारिणीने तुझ्या गळ्यात घातल्याचं कळलं. आता पहिला मोह होईल तो ज्येष्ठांकडे जाऊन त्यांच्या आठवणी उतरवून घेण्याचा. तेवढा आवर. आठवणी शेवटी घ्यायच्या, आधी कागद बघायचे, आणि कागदांतही आधी पैशांचे.

इतिवृत्तात प्रत्येक सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडलेली असते. किर्दीला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीला, असली भीड नसते. दोर कधी घेतला, किती मीटरचा घेतला, स्ट्रेचर कोणत्या वर्षी आलं, हे तिथे आणि डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे क्लबच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, सापडेल. सभासदसंख्या सभासद-नोंदवहीवरून मोजू नकोस. सोडून गेलेल्याचं नाव कोणी खोडत नाही, त्यामुळे तो आकडा फुगतच जातो. वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत मोज. एखाद्या वर्षी वर्गणी निम्म्यावर आलेली दिसली, तर त्याआधीच्या वर्षभराची इतिवृत्तं पुन्हा वाच. अपघात, भांडण किंवा फुटून निघालेला दुसरा क्लब, यांपैकी काहीतरी बहुधा हाती लागेल. बायकांची नावं सभासदांत कधीपासून दिसतात आणि मोहीम-नेत्यांत कधीपासून, हेही पाहा. लंडनचा अल्पाईन क्लब हा गिर्यारोहकांचा क्लब १८५७ चा, पण त्याने बायकांना सभासदत्व दिलं ते १९७४ मध्ये. तोवर १९०७ पासून त्यांचा स्वतःचा वेगळा क्लब होता.

मोहिमांच्या नोंदी एका तक्त्यात उतरव. एका मोहिमेला एक ओळ. रकाने तारीख, नेता, सहभागी, मार्ग, माघार घेतली असल्यास तिचं कारण, आणि शेवटी स्रोत. स्रोताच्या रकान्यात वहीचं नाव आणि पान हवंच, नाहीतर दोन महिन्यांनी ती माहिती कुठून आली ते तुलाही सांगता येणार नाही. माघारीच्या नोंदी गाळू नकोस. उंचीच्या आकड्यांना जप. जुन्या वहीत कोणी अंदाजाने ‘४००० फूट’ लिहिलेलं असतं, नंतर कोणीतरी ०.३०४८ ने गुणून ‘१२१९.२ मीटर’ करतो, आणि अंदाजाला मोजमापाचा थाट येतो. ‘पहिली चढाई’ या शब्दांचं तर विचारूच नकोस. क्लबची पहिली, की कोणाचीही पहिली? कातळात ठोकलेल्या खिळ्यांना लोंबकळून, की फक्त हातापायांच्या पकडीवर? खात्री होत नसेल तिथे ‘क्लबच्या नोंदीतली पहिली’ एवढंच लिही.

खरी गंमत फोटोंत आहे. मागे तारीख नसलेला फोटो निघाला की चेहरे ओळखत बसण्याआधी भिंग घेऊन साहित्य बघ. दोराच्या पृष्ठभागावर तिरका जाड पीळ दिसतो का? मग तो वळलेला दोर. नैसर्गिक धाग्याचा असेल किंवा दुसऱ्या महायुद्धानंतर रुळलेला नायलॉनचा. पृष्ठभाग सलग, बारीक विणीचा असेल तर आत गाभा आणि वर आवरण असलेला दोर. हा प्रकार १९५३ मध्ये आला. दोर थेट कमरेला बांधलाय की कमर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांच्या हार्नेसला? बुटांच्या तळाला खिळे आहेत की खाचांचं रबर? असा रबरी तळ १९३७ पासूनचा. कातळाच्या फटीत बसवायचे स्प्रिंगवाले ‘फ्रेंड्स’ कमरेला लटकताना दिसले, तर फोटो १९७८ च्या आधीचा नाही. पण यातून एकाच बाजूची हद्द कळते: फोटो याआधीचा नाही, एवढंच. क्लबांकडे पैसे नसतात. दोर आणि बूट वर्षानुवर्षं वापरात राहतात. इथे पुन्हा किर्द काढ आणि खरेदीच्या नोंदीशी ताडून बघ.

छापील फोटो ६०० डीपीआयने स्कॅन कर, ३५ मिमी निगेटिव्ह २४०० ते ४००० ने. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर फिल्मचं ॲसिटेट प्लास्टिक कुजायला लागलंय. तो डबा वेगळा ठेव आणि सर्वांत आधी स्कॅन कर. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नकोस, निघत नसेल तर पानासकटच कॅमेऱ्याने टिप. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही. गंजलेल्या टाचण्या काढ, पण फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नकोस आणि लॅमिनेशन तर मुळीच नको.

अपघाताचं प्रकरण टाळलंस तर बाकीच्या पानांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. १८६५ मध्ये आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावरून पहिल्या चढाईनंतर उतरताना सातांपैकी चौघे गेले. आठवड्याभरात पायथ्याच्या झर्माट गावात चौकशी सुरू झाली, जबाब नोंदले गेले, आणि तुटलेला दोर आजही तिथल्या संग्रहालयात आहे. तुमच्याकडेही पंचनामा, विम्याचा पत्रव्यवहार, अपघातानंतरच्या सभेचा ठराव असं काहीतरी असेल. त्यातून वेळ, जागा, क्रम आणि नंतर बदललेले नियम एवढं घे. दोषारोप गाळ. जखमींची आणि मृतांची नावं छापण्याआधी घरच्यांना विचार.

मग ज्येष्ठांकडे जा, तक्ता आणि फोटो बरोबर घेऊन. ‘कसं वाटलं?’ विचारलंस तर भाषण मिळेल. ‘बिलेला (चढणाऱ्याचा दोर सांभाळायला) कोण होतं? दोर कुठे संपला? खाली किती वाजता पोचलात?’ असं विचार. एकाच मोहिमेतल्या दोघांना एकत्र बसवू नकोस, मोठ्या आवाजाच्या माणसाची हकीकत दुसऱ्याची होऊन जाते. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही छाप, आणि वही काय म्हणते ते शेजारी दे.

एक राहिलंच. ज्यांच्याकडून वह्या आणशील त्यांना पानांच्या संख्येसकट लेखी पोच दे, आणि मूळ वह्या छापखान्यात नेऊ नकोस. स्कॅनच्या तीन प्रती कर, त्यांतली एक दुसऱ्याच कोणाच्या घरी ठेव. तक्त्याच्या पहिल्या पन्नासेक ओळी झाल्या की मला पाठव, स्रोताचा रकाना मी तपासून देतो.

तुझाच,
मित्र