भंगारात काढण्याआधी गिऱ्हाईक शोधा

महोदय,

रेल्वेच्या प्रवासी गाड्या ओढणारी डब्ल्यूएपी-४ जातीची इलेक्ट्रिक इंजिनं एकेक करून कंडम होऊ लागली आहेत. आम्हा भुसावळकरांना हे इंजिन आवाजावरून ओळखता येतं: गाडी फलाटावरून निघाली की मोटरचं व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं वाढवणारा टॅप चेंजर एकेक नॉच (टप्पा) चढत टक् टक् वाजतो. चित्तरंजनच्या कारखान्यात ही इंजिनं २०१५ पर्यंत तयार होत होती. इलेक्ट्रिक इंजिनाचं आयुष्य साधारण ३५ वर्षं धरतात, म्हणजे शेवटच्या खेपेचं निम्मंही सरलेलं नाही.

एक्स्प्रेस गाड्यांना डब्ल्यूएपी-७ हे नव्या जातीचं इंजिन लावतात ते योग्यच आहे. ते इंजिन डब्यांना थेट वीज पुरवतं आणि ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतं. डब्ल्यूएपी-४ लावलं की एलएचबी (नव्या धाटणीच्या डब्यांच्या) गाडीत दिवे-पंख्यांसाठी जनरेटर कारमध्ये डिझेल जाळणं आलंच. माझा प्रश्न पुढचा आहे. काढलेलं, पण धडधाकट इंजिन वजनावर का विकायचं?

ब्रिटनमध्ये लंडन-ग्लासगो मार्गासाठी १९७३ ते १९७५ या काळात ‘क्लास ८७’ची ३६ इंजिनं बांधली गेली. वेगळं इंजिन न लागणाऱ्या पेंडोलिनो गाड्या आल्यावर ती रिकामी झाली. त्यातली बरीच बल्गेरियात गेली आणि तिथं एका खासगी कंपनीच्या मालगाड्या ओढू लागली. दोन्हीकडे २५ हजार व्होल्ट एसी, दोन्हीकडे रुळांचं अंतर तेच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ब्रिटनमध्ये इंजिनांची मालकी भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडे असते आणि गाडी चालवते दुसरीच कंपनी. इंजिन रिकामं उभं राहिलं तर मालकाचं नुकसान, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला तोच बाहेर पडतो. आपल्याकडे मालक आणि चालक दोन्ही रेल्वेच, म्हणून शोधायची निकड कुणालाच नाही.

परदेशात फार वाव नाही, हे मान्य. २०२० मध्ये बांगलादेशाला १० डिझेल इंजिनं देता आली, कारण डिझेलला तारा लागत नाहीत. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सच्या रोका मार्गावर रूळही आपल्याच मापाचे आणि वीजही तीच, पण तिथं लोकलसारख्या गाड्या धावतात, त्यांना वेगळं इंजिन लागत नाही. म्हणजे शोध घरातच घ्यायला हवा. बंदरं, सिमेंट आणि पोलाद कारखाने, औष्णिक वीज केंद्रं यांच्या सायडिंगवर (आवारापर्यंत नेलेल्या रुळांवर) जिथं तारा आहेत, तिथं ही इंजिनं भाड्यानं द्यावीत. कंटेनर कंपन्यांच्या वाघिणी स्वतःच्या असतात, इंजिन मात्र रेल्वेचंच घ्यावं लागतं. त्यांनाही विचारून पाहावं. प्रवासी इंजिनाचं गिअर प्रमाण वेगासाठी असतं, ते मालगाडीला मानवत नाही, ते बदलावं लागेल. पण प्रवासी आणि मालगाड्या दोन्ही ओढणाऱ्या जुन्या डब्ल्यूएएम-४ इंजिनांमध्ये कामाप्रमाणे वेगवेगळी गिअर प्रमाणं वापरलीच होती, तेव्हा हे काम आपल्या माणसांना नवं नाही. देखभाल लोको शेडनंच पैसे घेऊन करावी. ज्या कारागिरांचा हात या इंजिनावर बसला आहे, त्यांच्या कसबाचंही मोल होईल. अगदी जुनी इंजिनं सुट्या भागांसाठी राखून ठेवता येतील.

रेल्वे मंत्रालयानं निदान २०१० नंतर बनलेल्या इंजिनांपुरता तरी नियम करावा: लिलावाआधी सहा महिने इंजिनाचा क्रमांक, ट्रान्स्फॉर्मर आणि मोटरची अवस्था, शेवटच्या पीओएचची (ठरावीक काळानं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीख अशी यादी जाहीर करून भाड्याचे प्रस्ताव मागवावेत. कुणीच पुढे आलं नाही, तरच भंगारात काढावं.

— एक वाचक, भुसावळ