इप्पत्तैदुपर्यंत मोजणाऱ्या काकांना

काका, सा. न.

बेळगावात शहापुरातल्या तुमच्या दुकानातनं परत निघालो तेव्हा बसमध्येच हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण संकेश्वरच्या अलीकडंच झोप लागली. आज पुरं करतोय. नाव घालू नको म्हणालात, घालत नाही. पण चारचौघांत आभार मानू नको असं काही म्हणाला नव्हता.

माझी आत्या वेदगंगेच्या काठच्या गावांत प्राथमिक शाळेची बाई होती. बदली होईल तिथल्या बायकांकडनं जात्यावरच्या ओव्या वहीत उतरून घ्यायची. १९९६ साली त्या कोल्हापुरातल्या एका प्रेसमध्ये कंपोझ झाल्या. पुस्तक काही निघालं नाही, पुढं प्रेसच बंद पडला. मालकांनी मशीनमधली हार्ड डिस्क काढून आत्याच्या हातात दिली, "बाई, सगळं ह्यात आहे." जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ती माळ्यावर गेली. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी घरात कमरेएवढं चढलं. वह्यांचा लगदा झाला, माळा कोरडा राहिला.

तेव्हापासून ती डिस्क घेऊन मी तीन दुकानं हिंडलो. एकानं सांगितलं, जुनी आयडीई आहे (कॉम्प्युटरला डिस्क जोडायची एक जुनी रीत), कन्व्हर्टर आणा. दुसऱ्यानं आयडीईची केबल लावूनच बघितली, आणि बसेना म्हणून अंगठ्यानं दाबली. तिसऱ्यानं भंगारवाल्याचा पत्ता दिला. दोष तरी कसा द्यायचा? मलाही ती आयडीईच वाटायची. करंट घ्यायचं चार पिनांचं सॉकेट अगदी तसंच, पिवळी, दोन काळ्या आणि लाल वायरवालं, आणि शेजारी दोन ओळींत उभ्या पिना.

तुम्ही मात्र काहीच बोलला नाही. चष्मा कपाळावरनं खाली घेतला, सुई घेतली आणि पिना मोजायला लागलात. कन्नडमध्ये! ओंदु, येरडु, मूरु. माझ्याशी मराठी, चहावाल्या पोराशी मराठी, पण आकडे कन्नड, कारण शाळा कन्नड. (आपल्याकडं ह्यात नवल नाही. माझे सासरे घरात कन्नड बोलतात आणि पाढे मराठीत म्हणतात.) आयडीई असती तर एका ओळीत इप्पत्तुला, म्हणजे विसाला सुई थांबली असती. ती पुढं गेली. इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु... इप्पत्तैदु. पंचवीस. दोन ओळींच्या मिळून पन्नास.

"आयडीई नव्हंच ओ हे. स्कझी हाय."

म्हणजे जोडायची रीतच वेगळी. मग वाकलेली एक पिन सुईच्या टोकानं दाखवलीत. आयडीईची केबल उलटी बसू नये म्हणून तिच्यातलं विसाव्या पिनेचं भोक बहुतेक वेळा बुजवलेलं असतं, आणि आयडीईच्या डिस्कला त्या जागी पिनच नसते. ह्या डिस्कला होती. अंगठा लावणाऱ्यानं ती बुजलेल्या भोकावर दाबली होती. चिमट्यानं ती सरळ करताना तुम्ही पंखासुद्धा बंद करायला लावलात. तोवर डिस्कला करंट द्यायचं नावही काढलं नाही.

"प्रेसमध्ये मॅकिंटॉश होता काय?" हेही तुम्हीच विचारलंत. १९८६ च्या मॅक प्लसपासून अ‍ॅपलनं स्कझी धरली होती, हे मला त्या दिवशी कळलं. जुन्या स्कॅनरसाठी सांभाळून ठेवलेलं अ‍ॅडॅप्टेकचं २९४० हे स्कझीचं कार्ड तुम्ही कपाटातनं काढलंत. एका केबलीवर आठ जण राहतात, शून्य ते सात असे घरनंबर, कार्ड सात नंबरात, आपली डिस्क शून्यात. आणि केबलीच्या टोकाला सिग्नल जिरवणारं टर्मिनेशन नसलं तर सिग्नल परत फिरतो, "आडात हाक मारल्यागत." एवढ्या सोप्या भाषेत हे मला कुणी सांगितलं नसतं.

डिस्क घरघरली, फिरली. विंडोजनं फॉरमॅट करायची का म्हणून विचारलं आणि माझा हात माऊसकडं गेला. तुम्ही मनगटच धरलंत. त्याला मॅकची मांडणी वाचता येत नाही म्हणून तो तसं विचारतोय, डिस्क रिकामी आहे म्हणून नव्हे. मग लिनक्स (विंडोजऐवजी चालवायची दुसरी सिस्टीम) लावून आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढलीत, आणि फायली उघडल्या त्या नकलेतनं. चहा येऊन गार होईतो सगळं झालं. चारशे रुपये घेतलेत ते बरं केलंत. फुकट केलं असतं तर परत यायला मला लाज वाटली असती.

घरी फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. युनिकोड, म्हणजे सगळीकडं चालणारी अक्षरांची एकच मांडणी, रुळायच्या आधीचा फॉन्ट तो! डिस्कवरच सापडला, भाच्यानं बदलून बसवला, तेव्हा कुठं ओव्या दिसल्या. आत्याला आता वाचता येत नाही, मी वाचून दाखवतो. तिसऱ्याच ओवीला तिनं थांबवलं. "दळिते कुणी लिवलं? आमच्या बायका दळतो म्हणत्यात." प्रूफ तपासणाऱ्यानं तेव्हाच सगळ्या बायकांची भाषा परस्पर सुधारली होती. म्हणून आता रोज जेवणानंतर एकेक ओवी मागं दुरुस्त करत चाललोय. चाळीस झाल्या.

डिस्क परत त्याच चिंधीत ठेवलीय. जंपर, म्हणजे घरनंबर ठरवणाऱ्या त्या इवल्या टोप्या, हलवलेले नाहीत. वर चिठ्ठी चिकटवलीय: स्कझी, पन्नास पिना, दाबू नये.

तुमचा,
निपाणीचं गिऱ्हाईक