वाचनालयातल्या ताईंना जाहीर पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. गावच्या वाचनालयात शेजारी बसवून तुम्ही मला संगणकाच्या पडद्यावरची कथा वाचायला शिकवलीत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

अमेरिकन लेखक मायकल जॉइस यांची 'आफ्टरनून' तुम्ही वाक्यावाक्याला मराठीत सांगितलीत. १९८७ सालची, संगणकावरच वाचायची कथा. सकाळी रस्त्यात दिसलेल्या अपघातात आपलाच मुलगा तर नव्हता, या शंकेनं एक बाप आतून पोखरला जातो. शब्दावर टिचकी मारली की दुसरा तुकडा उघडतो, आणि वाट बदलली की तीच ओळ वेगळी लागते. शेवट कुठे, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला पुरे वाटेल तिथे." त्या बापाला खरं काय ते कळून घ्यायची छाती होत नाही, म्हणून कथाही वळसे घेत राहते. सरळ सांगितली असती तर तिची बातमी झाली असती.

तरी आजीची गोष्ट मला तसूभरही कमी वाटत नाही. "हुं म्हणत जाय, नाही त मी थांबते," असं ती बजावायची. धाकटा भ्याला की राक्षसाला लवकर मारायची. गाडगेबाबाही कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तरं वदवून घेत पुढे जात. ऐकणाऱ्याचा वाटा आपल्याकडे जुनाच आहे. पडद्याला मात्र आपलं तोंड दिसत नाही. निवड आपली, ती निभवायचीही आपणच. एवढा भार आजीनं कधी आमच्यावर टाकला नसता. मला आता दोन्ही लागतात.

मग तुम्ही ट्वाइन दाखवलंत, अशा कथा रचायचं, २००९ पासून फुकट मिळणारं साधन. दोन-दोन चौकटी कंसांत शब्द लिहिला की कथेच्या पुढच्या तुकड्याचा नवा चौकोन तयार, बाणानं जोडलेला. त्यात मी कापसाची गोष्ट रचली. पहिला वेचा घरात, भाव पडलेला, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर. 'विकू' की 'थांबू'? थांबलं तर घरभर कापूस आणि रात्री अंगाला खाज. विकलं तर आठवड्यात भाव चढतो.

बाबांनी ती मोबाईलवर वाचली. 'विकू' दाबलं, मागे आले, 'थांबू' दाबलं. मग म्हणाले, "अर्धा इकून अर्धा ठेवाची वाट कुठं हाय वं?"

ती वाट जोडते आहे, ताई. रविवारी वाचनालयात घेऊन येईन, तुम्ही एकदा वाचून बघा.

तुमची,
वाचनालयातली एक वाचक