अ‍ॅनी ह्यूज-ग्रिफिथ्स यांच्या कागदपत्रांची वाट दाखवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील वाचनकक्षात मी आपल्याला पहिल्या नावाने हाक मारत असे, कारण वेल्समधली रीतच तशी आहे. मराठीत लिहिताना मात्र ते माझ्याने होणार नाही. हे आभार मी मराठीतच आणि जाहीरपणे लिहीत आहे, कारण ज्या बाईंची कागदपत्रे आपण मला शोधून दिलीत, त्यांची ओळख माझ्या भाषेतल्या वाचकांनाही व्हावी असे मला मनापासून वाटते.

पहिल्या महायुद्धाने घरेच्या घरे सुनी केल्यावर वेल्समधील महिलांनी १९२३ मध्ये दारोदार फिरून ३,९०,२९६ महिलांच्या सह्या गोळा केल्या. महायुद्धानंतर शांततेसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स) अमेरिकेने सामील व्हावे यासाठी तिथल्या महिलांनी प्रयत्न करावेत, अशी त्यांची विनंती होती. सह्यांचे ते कागद ओकच्या पेटीत घालून फेब्रुवारी १९२४ मध्ये जे शिष्टमंडळ अमेरिकेला गेले, त्याचे नेतृत्व अ‍ॅनी ह्यूज-ग्रिफिथ्स यांनी केले आणि राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचीही भेट घेतली. अमेरिका राष्ट्रसंघात गेली नाही. पेटी वॉशिंग्टनच्या संग्रहालयात राहिली आणि २०२३ मध्ये आपल्या ग्रंथालयात परत आली.

मी आले होते ती अ‍ॅनींची या प्रवासातील रोजनिशी वाचायला. ती वाचून मी परतणार, तेवढ्यात आपण मला थांबवून विचारलेत, "हिला तुम्ही कोणकोणत्या नावांनी शोधलंत?" माझ्याकडे एकच नाव होते. आपण कागदावर तीन आडनावे लिहून दिलीत: माहेरचे डेव्हिस, १८९८ च्या विवाहानंतरचे एलिस आणि १९१६ च्या दुसऱ्या विवाहानंतरचे ह्यूज-ग्रिफिथ्स. खासदार असलेले पहिले पती टॉम एलिस लग्नानंतर वर्षभरातच वारले आणि मुलगा त्यांच्या पश्चात जन्मला. अ‍ॅनींची कागदपत्रे त्या मुलाच्या कागदांसोबत एकाच संग्रहात आहेत. पतीचा संग्रह वेगळा, हस्तलिखिते जमवणाऱ्या भावाचा आणखी वेगळा. एका बाईचा माग काढायचा तर तिच्या माणसांच्या संग्रहांतूनही जावे लागते, हे आपण मला अगदी शांतपणे समजावलेत. लग्नात आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदललेल्या माझ्या आजीची मला तेव्हा फार आठवण झाली. तिच्या माहेरच्या नावाने लिहिलेला एकही कागद आमच्या घरात उरलेला नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. सह्यांच्या पानांवरील गावांची आणि घरांची नावे मला सूचीत सापडेनात. तेव्हा आपण सांगितलेत की वेल्श भाषेत शब्दाचे पहिले अक्षरच बदलते. 'पॉन्ट' म्हणजे पूल, पण 'पेन-अ-बॉन्ट' या नावात त्याचे 'बॉन्ट' होते, म्हणून 'प' आणि 'ब' दोन्हींखाली पाहायला हवे. आमच्याकडे 'घर'चे 'घराला' होताना शब्दाचा शेवट बदलतो, हे मी सांगितले, तर आपण ते आनंदाने वहीत टिपून घेतलेत. त्यानंतर मला पाने लागू लागली. एका पानावर एकाच पत्त्यावरच्या चार जणींच्या सह्या एकाखाली एक होत्या. आडनाव तेच, वळण मात्र प्रत्येकीचे निराळे, आणि शेवटच्या सहीतली अक्षरे इतकी मोठी व जपून काढलेली की लेखणी हातात धरायची त्या बाईंना फारशी सवय नसावी. त्या ओळीवर आपण वाचनकक्षातला मण्यांचा दोरा अलगद ठेवलात, पान उलटू नये म्हणून, आणि आपण दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

कक्ष बंद व्हायची वेळ झाली तरी आपण एकदाही घड्याळाकडे पाहिले नाहीत, त्याबद्दलही मी आपली ऋणी आहे. अ‍ॅनींविषयीची टिपणे मी आता मराठीत उतरवत असून वहीच्या सूचीत त्यांची नोंद आपण लिहून दिलेल्या तिन्ही आडनावांखाली केली आहे. आजीचे माहेरचे नाव मी आईला विचारून घेतले आणि तेही त्याच वहीत, पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
एक मराठी वाचक